चढवू की उतरवू

तिनं उजव्या हाताची तीन बोटं पट्ट्यांवर ठेवली, हलकेच दाबली आणि चटका बसावा तशी उचलली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. व्हायोलिनवाले आपापल्या तारा जुळवत होते, चेलोवाले काका खुर्ची पुढंमागं सरकवून पाहत होते, समोर लोक कोट सांभाळत रांगांतून आत शिरत होते. त्या गलबल्यात हार्पसिकॉर्डचा, पियानोच्या त्या जुन्या पूर्वजाचा, बारीकसा झंकार विरून गेला. पण तिनं तो ऐकला होता. तिनं बोटं पुन्हा तिथंच ठेवली. या खेपेला एकेक पट्टी वेगळी दाबली. पहिली गोड. दुसरी गोड. तिसरी, पियानोत काळी असते पण इथं पांढरी, ती वरच्या रांगेतली पट्टी, खाली गेली आणि त्या दोघींच्या अंगावर गुरगुरली.

लांडगा.

जुन्या पद्धतीनं सूर लावलेल्या या वाद्यात एक लांडगा असतोच. पियानोत सगळ्याच स्वरांना थोडं थोडं पडतं घ्यायला लावतात, म्हणून तिथं कुणीच फार सुखी नसतं आणि फार दुःखीही नसतं. इथं तसं नाही. इथं लागतील तेवढ्या सुरावटी अगदी निर्मळ लावायच्या आणि उरलेलं सगळं किल्मिष एका कोपऱ्यात लोटून द्यायचं. त्या कोपऱ्यातले स्वर एकत्र आले की विव्हळतात. म्हणून वाद्य लावणाऱ्यानं आधी बघायचं, की आजच्या रचनेचं पाऊल कुठल्या कोपऱ्यात पडणार नाही, आणि लांडगा तिथं बांधून ठेवायचा. त्या पांढऱ्या पट्टीला दोन शेजारी स्वरांपैकी एकच होता येत असे, किंचित खालचा नाहीतर किंचित वरचा. आज वरचा हवा होता. पट्टी खालच्यावर लागली होती.

आणि वाद्य लावलं होतं तिच्या सासऱ्यांनी.

ते तिला बसल्या जागेवरून दिसत होते. रंगमंचाच्या कडेला, पडद्याच्या सावलीत, हात पाठीशी बांधून उभे. दाढी घोटून केलेली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हे वाद्य त्यांनी घरामागच्या कारखान्यात घडवलं होतं, लाकूड वाळत घालण्यापासून. पूर्ण झाल्यावर या वाद्यवृंदाला देऊन टाकलं आणि ते लावण्याचं काम तेवढं स्वतःकडे ठेवलं. वृंदातले लोक त्यांना कानसेन म्हणत. रस्त्यापलीकडच्या घरात कुणी पियानोवर बोट ठेवलं, तर इथं चहा पिता पिता "उतरलाय" म्हणणारा माणूस. त्यांच्या हातून असली चूक व्हावी हे तिच्या मनाला पटेना. पण पट्टी काही खोटं बोलत नव्हती.

हाक मारावी का? अजून दारं बंद झालेली नव्हती. तिची नजर पहिल्या रांगेकडे गेली आणि तिथंच अडली. वाद्यवृंदाच्या चिटणीसबाई आपल्या खुर्चीत स्थिरावल्या होत्या. मांडीवर कार्यक्रमपत्रिका, पत्रिकेवर चष्म्याचं घर.

हिवाळ्यातल्या कार्यक्रमात वाद्य उतरलेलं वाजलं होतं. तेव्हापासून चिटणीसबाईंनी यंत्र लावून सूर जुळवणारा एक माणूस हेरून ठेवला होता. परवा तालमीनंतर त्या सगळ्यांदेखत बोलल्या होत्या, "कानसेनांबद्दल आदर आहेच आम्हाला. पण या वेळी काही कमीजास्त झालं, तर वाद्य दुसऱ्याच्या हाती द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

सासरे त्यावर शांतपणे म्हणाले होते, "द्या. मग मी या दारातून आत येणार नाही."

आणि ते बोलल्याप्रमाणं करणारे होते. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांनी चहातली साखर सोडली होती. का, ते कुणाला सांगितलं नाही आणि परत कधी घेतलीही नाही. असा माणूस या दारातून आत येणार नाही म्हणाला, म्हणजे स्वतःच्या हातांनी घडवलेलं वाद्य तो पुन्हा डोळ्यांनी पाहणार नव्हता.

दारं लागली. माणसं खोकून, सावरून गप्प झाली. आता हाक मारणं म्हणजे सगळ्यांसमोर सांगणं, की कानसेनांचा कान चुकला. तिनं मनातल्या मनात हात जोडले, हनुवटी वर केली आणि खाली आणली. या वृंदात काठी हलवणारं कुणी नव्हतं. तिच्या हनुवटीवर सगळे सुटत.

एरवी या सुरुवातीची ती महिनोन् महिने वाट पाही. या रचनांआधी किती काळ हे वाद्य मागं बसून सगळ्यांना आधार देत आलं होतं. व्हायोलिननं गावं, यानं खालून तोलून धरावं. मग कुणा एकाला सुचलं, की याला पुढं बसवू, याचं ऐकू. सगळ्यांचं आवरून शेवटी जेवणारी बाई एक दिवस सगळ्यांच्या आधी पानावर बसली, आणि तिला काय काय बोलायचं होतं ते घरादाराला तेव्हा कळलं, तसा तिला एका वाद्याला पुढं बसवणारा हा कॉन्चेर्टो वाटे. तारवाद्यं एक वाक्य बोलत, हार्पसिकॉर्ड ते उचलून त्याची दहा वाक्यं करी, मध्येच थट्टा करी, मध्येच रुसे. जोरानं दाबलं म्हणून इथं स्वर मोठा होत नाही. पिसाच्या देठाचा एक कपटा तार छेडून मोकळा होतो. वाजवणाऱ्याच्या हाती फक्त वेळ असते, एखादा स्वर केसभर उशिरा आणायचा, एखाद्यावर पापणी लवेल इतकंच थांबायचं. तेवढ्यात सगळं सांगायचं.

आज तिची सगळी वेळ त्या पट्टीला चुकवण्यात चालली होती. पहिल्या भागात तो स्वर क्वचित येई, पाहुण्यासारखा. पहिल्यांदा आला तेव्हा तिनं त्याच्या जागी शेजारच्या दोन स्वरांची झुळूक फिरवली. कुणाला अलंकार वाटला असेल. दुसऱ्यांदा तो डाव्या हातात होता, तिथं तिनं हात उचलला आणि तो एकट्या चेलोवर सोडून दिला. काकांनी चमकून पाहिलं, मग आपल्याला मुद्दाम वाव दिला असं समजून खुशीत मान डोलावली. तिसऱ्यांदा मात्र चुकवायला जागाच नव्हती. तिथं तिनं सरळ एक भोक ठेवलं. त्या भोकातून वारा आल्यासारखी पुढच्या खुर्चीतली तिची नणंद वळली. या वृंदाचं पहिलं व्हायोलिन नणंद वाजवत असे, आणि बापाच्या कानातला निम्मा कान तिच्याकडे आला होता.

पहिला भाग संपला. नणंदेनं स्वरलिपीचं पान नीट करण्याच्या मिषानं मान तिरकी केली.

"वहिनी, काय चाललंय तुझं? स्वर गिळतेस?"

"त्या पट्टीवर लांडगा आहे, वन्सं."

"कुठल्या पट्टीवर?" नणंदेनं तिच्या बोटाकडे पाहिलं आणि तिचा गज मांडीवर टेकला. "तिथं? पण बाबांनी लावलंय ना?"

"हळू बोला."

"हळूच बोलतेय. अगं, दुसरा भाग सगळा त्याच स्वरावर उभा आहे. तिथं कशी चुकवशील?"

"नाही चुकवता येणार."

"मग तो सोड. थेट तिसरा घे. मी मागं खूण करते."

"पत्रिकेत छापलाय. चिटणीसबाई पत्रिकेवर बोट ठेवून ऐकतात."

"ऐकू दे. बोटानं ऐकणाऱ्या बाईला काय कळणार आहे?"

चेलोवाले काका मघापासून एकसारखे खोकत होते. आता ते रुमालाआडून पुटपुटले, "बायांनो, घरचं भांडण लवकर मिटवा. मला खोटं खोटं किती वेळ खोकता येणार?"

ती उठली. लोकांकडे वळताना तिला सकाळ आठवली. पूर्वी दर वेळी सासरे सूर लावत तेव्हा ती जवळ बसे, आणि शेवटी ते म्हणत, वाजव बघू एकदा. आज ती निघाली तेव्हा त्यांनीच अडवलं होतं. "पोरीला ताप आहे. तू घरी थांब तिच्यापाशी. मी काय आज पहिल्यांदा लावतोय?" अलीकडे ते काही ना काही सांगून तिला असंच वाटेला लावत. ती तिथं असती तर ही वेळ आलीच नसती.

"दालन भरलं की हवा तापते, आणि लाकूड थोडं रुसतं," ती लोकांना म्हणाली. "दोन मिनिटं द्या आम्हाला. मामंजी, जरा येता?"

लोक समजुतीनं हसले. तिच्या दाताखाली मात्र ते खोटं खड्यासारखं आलं. आयुष्यात तिनं खोटं बोलायचं टाळलं होतं आणि आज पहिल्यांदा बोलली ती भरल्या सभेत. पण त्या एका वाक्यानं चूक लाकडावर गेली होती, माणसावरून उतरली होती. आता पट्टी वर चढवली की झालं. त्यांच्या हाताला ते काम किरकोळ होतं.

सासरे आले. त्यांच्या चालण्यात घाई नव्हती. कोटाच्या खिशातून त्यांनी लाकडी मुठीची किल्ली काढली आणि वाद्यावर वाकले. खुंट्यांची रांग पट्ट्यांच्या लगेच पलीकडे होती, त्यामुळं त्यांचं डोकं तिच्या खांद्याशी आलं.

"कुठली?"

तिनं बोलून दाखवलं नाही. ती पट्टी दाबली, बरोबर शेजारच्या दोघी. लांडगा पहिल्या रांगेपर्यंत पोचला असावा, कारण कुणीतरी मान उचलून पाहिलं. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. त्यांनी खुंटी शोधली, किल्ली तिच्यावर बसवली. मग वर न पाहता, ओठही फारसे न हलवता त्यांनी विचारलं,

"चढवू की उतरवू?"

तिला आधी वाटलं, परीक्षा घेताहेत. लग्न होऊन या घरात आली तेव्हा कारखान्यातल्या भुशात बसवून ते असंच विचारत. सांग, चढवू की उतरवू? ती चुकली की म्हणत, अजून माहेरचे कान विसरली नाहीस. तिच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं. तेवढ्यात त्यांनी डोळे वर केले. परीक्षा घेणाऱ्याचे ते डोळे नव्हते.

"डावा कान एक सांगतो, उजवा दुसरंच," ते पुटपुटले. "खरं कुणाचं, ते तू सांग."

समोर सगळं दालन बसलं होतं. पुढच्या खुर्चीत नणंद पाठमोरी होती, दोन हातांवर, व्हायोलिनची खुंटी पिळत. तिनं श्वास आत घेतला.

"चढवा," ती म्हणाली. म्हणाली कसली, नुसता आकार केला ओठांचा.

तिनं एका हातानं दांडी सरकवली, म्हणजे प्रत्येक पट्टीमागच्या दोन तारांपैकी एकच बोलेल, आणि शेजारच्या एका पट्टीबरोबर ती पट्टी दाबू लागली. एकदा. पुन्हा. सासऱ्यांनी किल्ली फिरवली. त्यांचा हात तसाच होता, खात्रीचा, मनगटातून नव्हे तर खांद्यातून येणारा. पण ते खुंटीकडे पाहत नव्हते, तारेकडेही नाही. ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. स्वर चढू लागला. त्यातली गुरगुर रुंद झाली, मग लाटांसारखी, मग लाटा लांब लांब होत गेल्या. किती चढवायचं हे बोलून सांगायची सोय नव्हती. जास्त चढली असती तर जुनी पितळी तार तुटली असती आणि त्या आवाजानं सगळंच संपलं असतं. तिनं ठरवलं, हवं आहे तोवर पट्टी दाबत राहायची, आणि लागला की बोट उचलायचं. हे त्यांना सांगावं लागलं नाही. जणू ही भाषा ते तिच्याआधीपासून बोलत होते.

एकदा तिचा श्वास मध्येच अडला तर ते थांबले. नाही, अजून, असं तिनं डोळ्यांनी सांगितलं. पुढं केसभर. आणखी अर्धा केस. लाट पसरली, सपाट झाली, नाहीशी झाली. तिनं बोट उचललं. किल्ली त्याच क्षणी थांबली.

लोकांत कुजबुज झाली. बाहेरून दिसत होतं ते असं, की एक म्हातारा कारागीर वाद्यावर वाकला आहे, सून मुकाट्यानं त्याच्या हुकमानुसार पट्टी दाबते आहे, आणि बिघडलेला स्वर बघता बघता सरळ होतो आहे. मग दुसरी तार. मग वरच्या सप्तकातली तीच पट्टी, मग खालची. सगळ्यात खालच्या तारेपाशी त्यांचं कपाळ घामानं भिजलं. तिच्या हाताला रुमाल लागेना. एक थेंब पट्टीवर पडला, तो त्यांनी बाहीनं पुसला, तान्ह्याचं तोंड पुसावं इतक्या हळुवारपणे. शेवटी ती तीन बोटं एकत्र ठेवून तिनं दाबलं.

निर्मळ.

सासऱ्यांनी मान हलवली, ऐकल्यासारखी. किल्ली खिशात टाकली आणि आले तसेच संथ चालत सावलीत गेले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग बऱ्याच जणांनी. पहिल्या रांगेत चिटणीसबाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता.

दुसरा भाग तिला एकटीनं सुरू करायचा होता. तारवाद्यं नंतर येत, पावलं न वाजवता. तिनं पहिला स्वर ठेवला, दुसरा, आणि मग तो आला, ज्याला तिनं पहिल्या भागात दारातून परतवलं होतं. तो येऊन बसला आणि सगळ्या वाक्याला घर मिळालं. दर दोन पावलांवर तो येत राहिला, कधी वरच्या अंगानं, कधी डाव्या हाताखालून, आणि दर वेळी तिला वाटलं, की याची किंमत आपल्याला इतकी वर्षं ठाऊक नव्हती. व्हायोलिनं आली. नणंद इतकं हळू वाजवत होती, की गज तारेवर आहे की नुसता वर धरलाय, कळू नये. ऐकणाऱ्यांतलं कुणी हललं नाही.

आणि त्या सगळ्या गोडव्याच्या खालून एक प्रश्न तिच्याबरोबर चालत होता. एक पट्टी त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून लावली. बाकीचं वाद्य कुणाकडे बघून लावलं?

तिसरा भाग कसा वाजला, ते तिला नंतर आठवेना. लोक मात्र उभे राहिले होते.

मागच्या खोलीत सासरे कोट न काढता खुर्चीवर बसले होते. आरशासमोरच्या टेबलावर कुणाचे तरी हातमोजे, पाण्याचा जग, व्हायोलिनच्या रिकाम्या पेट्या. तिनं दार लावून घेतलं.

"बाकीचं कसं लावलंत, मामंजी?"

त्यांनी आतल्या खिशात हात घातला आणि तळहाताएवढं एक यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यावरचा हिरवा दिवा अजून चालू होता.

"यानं."

ती टेबलापाशी गेली.

"यात सगळ्या पद्धती भरलेल्या असतात. हवी ती निवडायची. सुई मधोमध आली की पुढची तार. पोरासोरांचं काम आहे." ते दिव्याकडे पाहत होते. "अक्षरं बारीक. दुसऱ्या रचनेची पद्धत निवडली गेली. शेवटी एकदा वाजवून बघायला हवं होतं, एवढं मला कळतं. पण वाजवून तरी मला काय कळणार होतं?"

"कधीपासून?"

"हिवाळ्यात वाद्य उतरलं ना, ते उतरलं नव्हतं. मी तसंच लावलं होतं. मला ते छान लागल्यासारखं वाटत होतं."

"वन्संना ठाऊक आहे?"

"कुणाला नाही. आणि तुलाही नसतं झालं," ते म्हणाले. "म्हणून तर सकाळी येऊ देत नव्हतो."

दारावर टकटक झाली. तिनं गळ्यातला स्कार्फ काढला आणि यंत्रावर टाकला. चिटणीसबाई आत आल्या, त्यांच्या मागून नणंद, गाल लाल झालेली.

"कानसेन, अहो काय हे! माझ्या अंगावर काटा आला. भर सभेत, नुसत्या कानावर! त्या यंत्रवाल्याला जमलं असतं का? एवढ्या लोकांत त्याच्या सुईनं मान टाकली असती."

"तेच म्हणते मी," नणंद म्हणाली. "उगाच नाही लोक कानसेन म्हणत."

"मी आजच कळवते त्याला, नको म्हणून. वाद्य तुमच्याकडेच राहील, तुमचे हातपाय चालताहेत तोवर. आता शब्द द्या, म्हणजे झालं."

सासऱ्यांनी तोंड उघडलं. हो म्हणाले, तर ते यंत्र दर वेळी त्या आतल्या खिशातून चोरासारखं ये-जा करणार होतं, आणि एक दिवस कुणाच्या तरी समोर खाली पडणार होतं. नाही म्हणाले, तर का ते सांगावं लागणार होतं. इथं, लेकीसमोर, आजच्या दिवशी. आणि तिच्याजवळ दुसरं खोटं शिल्लक नव्हतं.

"यापुढं वाद्य मी लावणार," ती म्हणाली.

चिटणीसबाईंचा चेहरा हसता हसता तसाच राहिला.

"तुम्ही? तुम्हाला येतं?"

"नाही येत. मामंजी शिकवतील."

"म्हणजे वाजवणारीनंच लावायचं?"

"पूर्वी तसंच असायचं. ज्यानं वाजवायचं त्यानंच लावायचं."

"ते पूर्वी." चिटणीसबाई सासऱ्यांकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं कुणी विचारलं कुठं?" ते उठले. खुर्ची त्यांनी नीट टेबलाशी सरकवली, दोन्ही हातांनी, आणि तिच्याकडे न पाहता बाहेर गेले. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

चिटणीसबाई चुळबुळल्या. "घरात नीट बोलून घ्या तुम्ही. मला उद्या कळवा," म्हणत त्याही निघून गेल्या.

नणंद व्हायोलिन पेटीत ठेवत होती. कडी लागेना, तिनं ती दोनदा आपटली.

"वा, वहिनी. टाळ्या कमी पडल्या का गं तुला? आजचा दिवस त्यांचा होता. त्यांच्या हातातली किल्ली काढून घ्यायला तुला आजचाच मुहूर्त सापडला?"

तिला सांगता आलं असतं. स्कार्फ उचलला असता तरी पुरलं असतं.

"चुकलंच माझं, वन्सं," ती म्हणाली.

"चुकलं म्हणे. आता ते इथं पाऊल ठेवायचे नाहीत, बघ तू." नणंदेचा आवाज फुटला. ती पेटी उचलून तरातरा गेली.

खोली रिकामी झाल्यावर तिनं स्कार्फसकट यंत्र उचललं. बंद करायचं बटण शोधायला वेळ लागला. ते पिशवीत तळाशी ठेवून ती बाहेर आली. बाहेरच्या दारापाशी त्यांची टोपी खुंटीवर नव्हती. रस्त्यावर डोकावून पाहिलं. लोक पांगत होते, चेलोवाले काका आपल्या चेलोचं धूड एका टॅक्सीत आडवं घालायच्या खटपटीत होते.

"मामंजी दिसले का, काका?"

"नाही बुवा. या बाजूनं तरी नाही गेले."

ती परत फिरली तेव्हा दालनातून आवाज आला. आधी तिला वाटलं, कुणी खुर्च्या ओढतंय. मग कळलं, की खुर्चीला असा आवाज नसतो. मोठ्या जनावरानं झोपेत कण्हावं तसा तो स्वर खाली खाली घसरत होता. थांबला. दुसरा सुरू झाला. ती धावली.

उंच खिडक्यांतून उतरतीचं ऊन रिकाम्या रांगांवर पडलं होतं. रंगमंचावर सासरे टोपी घालून, कोट काढून, वाद्यावर वाकले होते. किल्ली खुंटीवर होती आणि ते ती उलटी फिरवत होते. मधल्या सप्तकातल्या सगळ्या तारा त्यांनी सैल करून टाकल्या होत्या.

"मामंजी! काय करताय हे?"

"सोडतोय."

"अहो, पण चांगलं लागलेलं—"

"माझं नव्हतं ते." त्यांनी शेवटची खुंटी सोडली, कंबर धरून सरळ झाले आणि स्टुलाकडे बोट केलं. "बस."

ती बसली. त्यांनी किल्ली तिच्यापुढं धरली. तिनं घेतली तेव्हा लाकडी मूठ ओलसर, कोमट होती आणि तिला वाटलं होतं त्याहून जड होती. त्यांनी खिशातला ट्यूनिंग फोर्क, तो एकच स्वर देणारा पोलादी काटा, गुडघ्यावर आपटला आणि त्याची दांडी वाद्याच्या फळीवर टेकवली. सबंध लाकडातून एक स्वर उठला, बारीक, सरळ.

"याला वय नाही," ते म्हणाले. "पहिली तार याच्याशी. मग त्या तारेशी बाकीच्या. घाई करू नकोस. तुटली तर दुसरी घालीन, ते मला अजून येतं."

तिनं किल्ली खुंटीवर बसवली. ती नीट बसली नाही, पुन्हा बसवली. डाव्या हातानं पट्टी दाबली. सैल तार भसाड्या आवाजात काहीतरी बोलली. तिनं किल्ली रेटली. स्वर दचकत वर चढला, फोर्कच्या स्वराजवळ आला, त्याला घासला, त्याच्याशी भांडू लागला. थोडं आणखी. की झालं जास्त? तिला कळेना. तिचा हात थांबला आणि तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

सासऱ्यांनी तोंड फिरवून खिडकीकडे केलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" ते म्हणाले. "ऐक."